शेजाऱ्याची बाकी तुमच्या मेलवर

नळाला पाणी यायची वेळ, म्हणून मी मोरीत बादल्या लावत होते. पावणेसात वाजले असतील. ओटीवर फोन वाजला. डोंबिवलीचे काका, म्हणजे माझे चुलत सासरे. एवढ्या सकाळी त्यांचा फोन म्हटल्यावर कोणीतरी गेलं असणार, असंच आधी मनात आलं.

"सूनबाय, मी कोण गो?"

"असं काय विचारताय? काका तुम्ही."

"मग तुझ्या मेलमधी मी भाऊ कसा झालो? वर नाव भाऊंचं लिवलंयस. पालखीची तारीख भाऊंच्या घरची. आणि खाली, मागील बाकी रुपये तीन हजार शंभर! मी तर गणपतीतच पावती फाडून घेतलीय. आता ही बाकी कोणाची, माझी का भाऊंची?"

बादली भरून वाहत होती आणि मी फोन कानाला लावून तशीच उभी. आदल्या रात्री गावातल्या ८६ घरांना मी मेल पाठवल्या होत्या. हाताने नव्हे, प्रोग्रामने. एकेक मेल गेली की काळ्या पडद्यावर २५० आकडा उमटायचा. ८६ वेळा २५० मोजून मी निवांत झोपले होते.

काकांचा फोन ठेवला तोवर आणखी दोघांचे मिस्ड कॉल पडले होते.

गेल्या शिमग्याची ही गोष्ट. आता हसून सांगता येते, म्हणून लिहायला घेतली. सगळी हसण्यासारखी मात्र नाही.

मी शृंगारतळीला झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचं दुकान चालवते. सातबारा, रेशनकार्डात नाव घालणं, पोरांचे परीक्षेचे फॉर्म. घर तिथून स्कूटरने वीसेक मिनिटं, समुद्राच्या अंगाला. माझं माहेर दापोली तालुक्यातलं, दाभोळची फेरीबोट धरून धोपाव्याला उतरलं की सासरचा तालुका लागतो. या गावात लग्न होऊन आले तेव्हा कॉम्प्युटरला हात लावलेली सून मी एकटीच, म्हणून ग्रामस्थ मंडळाची यादी माझ्या गळ्यात पडली. ती अजून तिथेच आहे.

गाव ११८ चुलींचं. वर्गणी आमच्याकडे अजून चुलीमागेच धरतात. त्यातल्या निम्म्याहून जास्त चुली वर्षातून दोनदा पेटतात, गणपतीत आणि शिमग्यात. एरवी माणसं विरार, ठाणे, डोंबिवली, दोन घरं कुवेतला, एक पुतणी कॅनडात. गणपती कधी ते पंचांगात बघता येतं. शिमग्याचं तसं नाही. होम कधी ते पंचांग सांगेल, पण पालखी सहाणेवरून, म्हणजे देवीच्या चौथऱ्यावरून, उठून तुमच्या अंगणात कोणत्या दिवशी येणार हे ठरतं गावबैठकीत, मानाप्रमाणे, वाडीवाडीने. ज्याच्या घरी पालखी, त्याला त्या दिवशी घरी असायलाच लागतं. घर उघडायचं, जळमटं काढायची, अंगण सारवायचं, देवीची ओटी भरायची, बोललेला नवस फेडायचा. तर ११८ घरं, आणि जवळपास प्रत्येकाची तिथी आणि वेळ वेगळी.

व्हॉट्सॲपचा ग्रुप आहे ना, असं सगळेच विचारतात. आहे. दोनशे माणसं आहेत त्यात. तारखांची यादी टाकली की तासाभरात ती शुभ सकाळच्या फुलांखाली गाडली जाते आणि मग रोज दहा जणांचं सुरू होतं, "वहिनी, आमची कधी?" शिवाय यादी एकत्र टाकली की मानाचा प्रश्न उभा राहतो. अमक्यांचं घर तिसरं होतं ते चौथं कसं? एका वर्षी एवढ्यावरून दोन वाड्या महिनाभर बोलत नव्हत्या. ज्याला त्याला त्याच्यापुरतं पत्र गेलं की या भानगडी होत नाहीत. ठाण्याच्या एका नणंदेने तर सांगितलं, "वहिनी, मंडळाच्या नावाने मेल आली ना, की रजेच्या अर्जाला लावता येते." आमच्या मेलचा खरा उपयोग तिनेच हेरला म्हणायचा.

पहिल्या वर्षी मी सगळे पत्ते 'टू'च्या रकान्यात कोंबून एकच मेल धाडली. कोणीतरी लाउडस्पीकरच्या खर्चाबद्दल सगळ्यांना उत्तर दिलं. त्या उत्तराला उत्तर, त्याला आणखी उत्तर. ४१ मेलनंतर मी मोजणं सोडलं. पुढच्या वर्षी पत्ते 'बीसीसी'त टाकले, म्हणजे एकाचा पत्ता दुसऱ्याला दिसत नाही. भांडण थांबलं, पण मजकूर सगळ्यांना तोच, म्हणजे यादी आलीच.

मग पुण्याचे माझे धाकटे दीर सुट्टीत आले होते, ते म्हणाले, "वहिनी, दहा ओळींचं काम आहे." आणि खरंच दहा-बारा ओळींतच झालं. पायथॉन ही प्रोग्राम लिहायची भाषा कॉम्प्युटरवर टाकली की तिच्यासोबत एसएमटीपीलिब नावाची, मेल पाठवायची तयार लायब्ररी येते. यादीची फाईल उघडायची, एकेक ओळ वाचायची, त्या ओळीतलं नाव आणि तारीख पत्रात घालायची, पत्र सर्व्हरच्या, म्हणजे मेल पुढे नेणाऱ्या कॉम्प्युटरच्या, हवाली करायचं, पुढची ओळ. पासवर्डाने मात्र एक दुपार खाल्ली. गुगलने मे २०२२ च्या अखेरीपासून अशा प्रोग्रामना खात्याचा नेहमीचा पासवर्ड वापरू देणं बंद केलंय. आधी दोन टप्प्यांची पडताळणी चालू करायची, मग ते १६ अक्षरांचा वेगळा ॲप पासवर्ड देतात, तो प्रोग्रामला द्यायचा. मी तो सरळ प्रोग्रामच्या फाईलमध्येच लिहून ठेवला होता, आणि तीच फाईल मोठ्या कौतुकाने मुंबईच्या चिटणीसांना पाठवली. दिरांनी फोनवरच कपाळाला हात लावलेला मला ऐकू आला. तो पासवर्ड रद्द करून नवा घेतला. आता तो वेगळ्या फाईलमध्ये असतो आणि ती फाईल कुठे जात नाही.

जाता जाता दिरांनी एक गंमत दाखवली. प्रोग्राममध्ये एक खटका दाबला की तो आणि सर्व्हर आपसात काय बोलतात ते पडद्यावर दिसायला लागतं. मला सगळ्यात जास्त आवडलं ते हेच. सर्व्हर आधी म्हणतो २२०, म्हणजे बोला, मी आहे. प्रोग्राम म्हणतो ईएचएलओ. हा आपला हॅलोच. जॉन पोस्टेल यांनी १९८२ साली या बोलाचालीचे नियम लिहिले तेव्हा सगळे हुकूम चार इंग्रजी अक्षरांचे ठेवले होते, त्यात हॅलोतला एक एल कापला गेला. पुढे नियमांत भर पडली तसं त्याचं ईएचएलओ झालं. मग वाट कुलूपबंद करायची, ओळख पटवायची, २३५ आलं की ओळख पटली. त्यानंतर 'मेल फ्रॉम', पाठवणारा कोण. २५०, म्हणजे ठीक. 'आरसीपीटी टू', घेणारा कोण. २५०. 'डेटा'. सर्व्हर म्हणतो ३५४, द्या मजकूर, आणि संपला की एका ओळीवर नुसता टिंब द्या. मजकूर जातो, टिंब जातो, आणि शेवटी २५०. क्विट म्हटलं की २२१, या मग.

ही बोलाचाली मी माझ्या सासऱ्यांना, नानांना, वाचून दाखवली. नाना गावच्या ब्रँच पोस्टात होते, पस्तीस वर्षं. त्यांनी एकच विचारलं, "घेणाऱ्याचं नाव आधी सांगितलंस, मग पत्रात परत मायना कशाला?" इतका नेमका प्रश्न मला सुचला नव्हता. कारण त्या दोन गोष्टी वेगळ्याच आहेत. 'आरसीपीटी टू' हा पाकिटावरचा पत्ता. मजकुराच्या डोक्यावर जे 'टू' दिसतं तो आतल्या पत्राचा मायना. सर्व्हर पाकीट बघतो. आत "श्री. भाऊ यांस" लिहिलंय का "प्रिय काकी" लिहिलंय, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. बीसीसी चालतं तेही यावरच: नाव पाकिटावर असतं, पत्रात नसतं.

"म्हणजे आमच्यासारखंच," नाना म्हणाले आणि पेपर वाचायला लागले.

मराठीने वेगळाच त्रास दिला. पहिल्यांदा प्रोग्रामच अडला, म्हणे ॲस्कीत, म्हणजे साध्या इंग्रजी अक्षरांच्या संचात, ही अक्षरं बसत नाहीत. मी नेटवरून कुठलीशी ओळ उचलून चिकटवली, तेव्हा मेल गेली, पण एका पुतण्याच्या ऑफिसच्या कॉम्प्युटरवर ती उघडली तर पानभर एकच नक्षी: डोक्यावर तिरका फराटा असलेला इंग्रजी ए, त्याच्या पाठीला चार पायांचं एक वाटोळं चिन्ह, मग काहीतरी तिसरं. परत तोच ए, तेच वाटोळं, परत तिसरं. "काकी, देवी अंगात आलीय का कॉम्प्युटरच्या?" असा त्याचा मेसेज आला.

कारण कळलं तेव्हा मला कोडं सुटल्याचा आनंद झाला. कॉम्प्युटर सगळ्या लिप्या आकड्यांत साठवतो त्या पद्धतीला यूटीएफ-८ म्हणतात, आणि तिच्यात देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं, म्हणजे तीन आकड्यांचं, असतं. क पासून ह पर्यंतच्या सगळ्या व्यंजनांचे पहिले दोन बाइट तेच, फक्त तिसरा बदलतो. ही देवनागरी आहे हे सांगायचं राहिलं की पलीकडचा कॉम्प्युटर एकेका बाइटला एकेक युरोपी अक्षर समजतो, आणि पहिल्या दोन बाइटांचा तो टोपीवाला ए आणि ते वाटोळं होतं. मुळात १९८२ च्या नियमांत मेल म्हणजे साधी इंग्रजी अक्षरं, एवढंच गृहीत होतं. १९९२ मध्ये नॅथनिएल बोरेनस्टाइन आणि नेड फ्रीड यांनी माइम नावाचे वाढीव नियम आणले, तेव्हापासून मेलमध्ये इतर लिप्या, फोटो, जोडपत्रं हे सगळं रीतसर जायला लागलं. पायथॉनमध्ये त्यासाठी ईमेलमेसेज नावाची तयार सोय आहे. मजकूर आणि विषय तिच्यावर सोपवले की अक्षरं कशात गुंडाळायची, वर काय चिठ्ठी लावायची ते सगळं ती बघते. मी उचललेली ओळ ही सोय बाजूला सारून धावत होती.

तेव्हापासून मला एक खोड लागलीय. जीमेलमध्ये 'मूळ संदेश दाखवा' म्हणून एक पर्याय असतो, तो उघडून मी आपलीच मेल कच्च्या रूपात बघत बसते. मराठी मजकूर तिथे बेस-६४ नावाच्या पद्धतीने इंग्रजी अक्षरांत गुंडाळलेला असतो, तिच्यात तीन बाइटांची चार इंग्रजी अक्षरं होतात. म्हणजे 'पालखी' हा शब्द बघा: प, काना, ल, ख, दुसरी वेलांटी. पाच चिन्हं, पंधरा बाइट, आणि मेलमध्ये वीस अक्षरं. कान्याला आणि वेलांटीलाही अख्ख्या अक्षराएवढी जागा. आणि त्या विसात एक ठेका असतो. प्रत्येक व्यंजन ४-के-एसने सुरू होतं. दुसरी वेलांटी, उकार, मात्रा, पाय मोडल्याची खूण यांचं ४-के-डब्ल्यू. मधे स्पेस आली की ठेका चुकतो, कारण स्पेस एकच बाइटची. तीन स्पेस झाल्या की परत समेवर. काही न वाचता, नुसतं ४-के-एस बघून आत मराठी आहे हे मला आता ओळखता येतं. दुकानात याचा काडीचा उपयोग नाही.

स्पॅमचं थोडक्यात सांगते. मुंबई शाखेने मंडळाचं संकेतस्थळ काढलं आणि हट्ट धरला की मेल मंडळाच्या पत्त्यावरून जावी. एकदा तशी पाठवली. निम्म्या घरांच्या स्पॅममध्ये गेली. देवीचं आमंत्रण गुरवाने आणलं तर आपण पाट मांडतो. अनोळखी माणूस दारात येऊन "मी देवीकडून आलोय" म्हणाला तर आधी कुठला, कोणाचा, हे विचारतो. मेलच्या जगात हे विचारणं तीन पाट्यांवर चालतं. एसपीएफची पाटी सांगते, आमच्या नावाने कोणाकोणाचे सर्व्हर मेल आणू शकतात. डीकेआयएम म्हणजे पत्रावरची मोहोर. डीमार्क सांगतं, दोन्ही जुळलं नाही तर त्या पाहुण्याचं काय करायचं. मंडळाच्या डोमेनवर, म्हणजे संकेतस्थळाच्या नावावर, यातलं एकही लावलेलं नव्हतं. फेब्रुवारी २०२४ पासून गुगल आणि याहू दोघांनी हे कडक केलं, दिवसाला पाच हजारांवर मेल धाडणाऱ्यांना तर तिन्ही हवंच. आम्ही कुठले पाच हजार! मी परत जीमेलवर आले. साध्या खात्यावरून दिवसाला ५०० जणांना पाठवता येतं, आमची घरं ८६. बाकीच्या ३२ घरांकडे मेलच नाही, त्यांना नानांच्या हातची पोस्टकार्डं जातात.

रेंजचा किस्सा मात्र नीट सांगायला हवा, कारण पुढची चूक त्यातूनच निघाली. आमच्या घरात रेंजची एक काडी, तीही ओटीच्या खांबाजवळ. त्या वर्षी मी संध्याकाळी सड्यावर, म्हणजे वरच्या कातळाच्या माळावर, गेले, स्कूटरच्या सीटवर लॅपटॉप ठेवला आणि मोबाइलच्या हॉटस्पॉटवर प्रोग्राम सोडला. सदतिसाव्या मेलला रेंज गेली. लाल अक्षरांत दहा ओळी आल्या आणि प्रोग्राम मेला. पाच मिनिटांनी रेंज आली, मी परत चालवला. तो बिचारा परत पहिल्या ओळीपासून निघाला. ३६ घरांना तीच मेल दोनदा. कुवेतच्या भावोजींचा फोन: "वहिनी, यंदा पालखी दोनदा येणार काय आमच्याकडे?"

मग यादीत 'गेली' नावाचा रकाना वाढवला. २५० आलं की प्रोग्राम लगेच त्या ओळीत खूण करतो, आणि परत चालवला तर खूण असलेल्या ओळी सोडतो. एक फट तरी राहतेच. शेवटचा टिंब गेला आणि २५० यायच्या आत रेंज गेली, तर मेल गेली का राहिली, ते आपल्याला कळायला मार्ग नाही. क्रेग पार्ट्रिज नावाच्या माणसाने १९८८ सालीच या दुहेरी मेलच्या दुखण्यावर टिपण लिहून ठेवलंय. सड्यावर उभं राहून मला वाटत होतं, जगात हे माझ्या एकटीच्याच वाट्याला आलंय.

आणि सदतिसावी? ती दोनदा गेली का एकदा, हे शोधताना लक्षात आलं की दोन घरांचा पत्ता एकच आहे, बाप-लेकाचा. असे आणखी किती असतील ते बघू, असं डोक्यात राहिलं. ते बघायला मुहूर्त लागला गेल्या वर्षी, मेल पाठवायच्या रात्री.

त्या दिवशी दुकानात गर्दी होती, दहावीच्या पोरांची हॉलतिकिटं. घरी आले तेव्हा साडेनऊ. जेवण करून बसले. आठवलं, दुहेरी पत्ते बघायचेत. एक्सेलमध्ये ईमेलचा रकाना निवडला आणि अक्षरांप्रमाणे लावायला सांगितला, म्हणजे सारखे पत्ते एकाखाली एक येतील. एक्सेलने विचारलं, शेजारचे रकानेही बरोबर हलवू का, का एवढाच? त्याने आधीच पहिल्या पर्यायावर टिकली ठेवलेली होती. मी, झोपेत म्हणा, घाईत म्हणा, ती काढून दुसरी केली.

पत्ते एबीसीडीप्रमाणे झरझर वरखाली गेले. नावं जागच्या जागी. तारखा जागच्या जागी. बाकी जागच्या जागी. मी दुहेरी पत्ते बघितले, दोन सापडले, नोंद केली, फाईल सेव्ह केली आणि प्रोग्राम चालवला.

२५०. २५०. २५०.

एकही लाल ओळ नाही. रेंजसुद्धा त्या रात्री कधी नव्हे ती भक्कम. ८६ मधली दोन पाकिटं योगायोगाने बरोबर घरी गेली, ८४ चुकीच्या. काकांच्या पाकिटात भाऊंचं पत्र, भाऊंच्या पाकिटात विरारच्या आत्याबाईंचं, आत्याबाईंकडे मानकऱ्यांचं. सर्व्हरने पाकिटं बघितली, पत्ते खरे होते, त्याने पोचवली. मायना कोणाचा हे बघणं त्याचं काम नाही, हे मीच वर्षापूर्वी नानांना समजावलं होतं.

मेल परत बोलावता येत नाही. जीमेलमध्ये 'पाठवणं रद्द करा' असतं, पण ते त्यांच्या पानावरून पाठवलेल्या मेलला, आणि तेही फार तर तीस सेकंद. प्रोग्रामने टिंब दिला की सुटलं. सकाळी साडेसातला मी ८६ जणांना दुसरी मेल पाठवली: "काल रात्रीची मेल चुकीची आहे, कृपया न वाचता काढून टाकावी." ज्यांनी पहिली उघडलीच नव्हती त्यांनीही ती मग शोधून काढून वाचली.

दुपारपर्यंत मुंबईला कोणाची किती बाकी हे सगळ्यांना सगळ्यांचं माहीत होतं.

संध्याकाळी देवळात बैठक बसली. मला बोलावलं नव्हतं, पण मी गेले, यादीचे दोन कागद छापून. चूक कुठे झाली ते दाखवलं. कोणाला एक्सेल कळलं नाही, पण रकाना सरकला हे कळलं, कारण शाळेच्या हजेरीपुस्तकात असं झालेलं सगळ्यांनी कधी ना कधी बघितलंय. मानकरी म्हणाले, "तारखा परत दे, नीट दे, झालं." खजिनदार काही बोलले नाहीत. शिमगा झाल्यावर हिशेब मांडताना ते हळूच म्हणाले, "वहिनी, मागली बाकी एवढी कधीच जमली नव्हती. शेजाऱ्याला कळल्यावर लोक बरे पैसे काढतात. पुढल्या वर्षी पण एवढा रकाना सरकवाल काय?"

हसू आलंच. पण भाऊंचं आठवलं की हसू जातं. भाऊंच्या घरी वर्षभर आजारपण होतं, औषधांवर पैसा चालला होता, म्हणून बाकी राहिलेली. हे गावात दोघा-तिघांनाच ठाऊक होतं. पालखी त्यांच्या अंगणात आली तेव्हा मी वहिनींच्या मदतीला ओटीचं ताट घेऊन उभी होते. भाऊ पुढे आले, "भरले हां पैसे मी," एवढंच म्हणाले, आणि माझ्याकडे न बघता पालखीला खांदा द्यायला गेले. माझ्याशी त्या माणसाने कधी चढ्या आवाजात बोललेलं मला आठवत नाही. ओरडले असते तर बरं झालं असतं.

नानांनी दोन दिवसांनी विषय काढला. "पाकीट एकाचं, पत्र दुसऱ्याचं. आमच्याकडे असं झालं तर पोस्टमनला कोणी बोलायचं नाही, पाकीट चिकटवणाऱ्याला धरायचे." मग थोडं थांबून, "पण बाकी उघड्या पत्रात कळवायचीच कशाला गो?"

मलाही आता तेच वाटतं. रकाना सरकला ही चूक खरी, पण तो आकडा त्या फाईलमध्ये असायलाच नको होता. सोय होती म्हणून घातला. एका मेलमध्ये दोन कामं. बाकीचा रकाना मी यादीतून काढूनच टाकला. खजिनदारांनी फोन करावा, हवं तर घरी जाऊन चहा प्यावा आणि सांगावं.

बाकी उपाय साधेच केलेत. प्रत्येक चुलीला नंबर आहे, मानाच्या क्रमाने. पत्ते आता वेगळ्या फाईलमध्ये, त्याच नंबराने, आणि प्रोग्राम नंबर जुळवून दोन्ही एकत्र आणतो. कोणता रकाना कसाही लावला तरी नंबर जुळला नाही तर तो थांबतो. आणि पाठवायच्या आधी ८६ च्या ८६ पत्रं फक्त माझ्या पत्त्यावर येतात, विषयात खऱ्या घेणाऱ्याचा पत्ता लिहून. यंदा मी ती एकेक उघडली आणि नानांनी समोर बसून आपल्या वहीत टिक केली. दोन संध्याकाळी गेल्या. दीर म्हणाले, "वहिनी, मग प्रोग्राम कशाला केलात?" त्यांना पुण्यात बसून बोलायला काय जातं.

यंदा पाठवल्या त्या रात्री पुन्हा ८६ वेळा २५०. नानांना मी आता हेही सांगून ठेवलंय की हे २५० काकांच्या दारातलं नव्हे. आपल्याच पहिल्या पोस्टाने शिक्का मारला, एवढाच त्याचा अर्थ: घेतली, पुढचं माझ्याकडे. "रजिस्टरची पावती," नाना म्हणाले. "पोचपावती वेगळी." बरोबर. आणि पोचली नाही तर काय, ते मागाहून परत येतं.

या वेळी एक परत आलं. मेलर-डीमनच्या, म्हणजे न पोचलेल्या मेलची खबर देणाऱ्या प्रोग्रामच्या, नावाने, ५५०, असं खातं अस्तित्वात नाही. बघितलं तर पार्ल्याच्या आबांचं. आबा जाऊन तीन वर्षं झाली, काकू त्यांच्या आधीच गेल्या, मूलबाळ नाही. पत्ता काढायला हवा हे दर वर्षी डोक्यात यायचं आणि राहून जायचं, आणि दर वर्षी मेल निमूट पोचत होती, आबांच्या न उघडलेल्या पेटीत. दोन वर्षं कोणी फिरकलं नाही की गुगल खातं पुसून टाकतं, २०२३ च्या डिसेंबरपासून त्यांनी तसं सुरू केलंय. म्हणजे मागच्या वर्षीची ती चुकलेली मेलसुद्धा त्यांच्या पत्त्यावर कोणाची तरी बाकी घेऊन गेली असणार.

पत्त्यांच्या फाईलमधून मी त्यांचा पत्ता पुसला. घरांच्या यादीतली ओळ मात्र तशीच आहे. चूल नंबर ५२, फाल्गुन वद्य चतुर्थी, सकाळी ९ ते १०. घर बंद असलं तरी पालखी अंगणात टेकतेच. यंदा तिथे माड पडून ओसरीची कौलं फुटलीत, अंगणात रान माजलंय. आदल्या दिवशी कोयता घेऊन कोणीतरी जायला हवं. थोरल्या जाऊबाई येते म्हणाल्यात.